बार्बारोसाची वाट : ‘एज ऑफ एम्पायर्स २’साठी तीन भागांची मोहीम, प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५

काम सुरू केलं. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ या संगणकावरच्या युद्धाच्या गेमच्या डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये स्वतःचे डाव रचायला जो सिनॅरिओ एडिटर येतो त्यातच सगळं करायचं. नाव ठरलं, भागही ठरले : फिलिप्पोपोलिस, आयकोनियम, अक्को.

गेममध्ये बाराव्या शतकातल्या जर्मन सम्राटाची, फ्रेडरिक बार्बारोसाची मोहीम १९९९ पासून आहे आणि तिचे शेवटचे दोन भाग तिसऱ्या क्रुसेडवर, म्हणजे जेरुसलेम परत घ्यायला निघालेल्या ख्रिस्ती सैन्यांच्या धर्मयुद्धावर आहेत. पाचव्या भागात सैन्य घेऊन कॉन्स्टँटिनोपलमध्ये शिरायचं आणि आया सोफिया गाठायचं. सहावा भाग सुरू होतो तेव्हा सम्राट बुडून मेलेला असतो. त्याचा देह पिंपात घालून जेरुसलेमच्या डोम ऑफ द रॉकपर्यंत पोचवायचा. हा पिंपातला सम्राट गेममधलं एक स्वतंत्र युनिट (हलवता येणारी सोंगटी) आहे आणि ज्यानं तो भाग खेळलाय त्याला तो विसरणं शक्य नाही.

मलाही ही मोहीम फार प्रिय आहे. पण पाचव्या आणि सहाव्या भागाच्या मध्ये जे राहून गेलं तेच मला सगळ्यात मोलाचं वाटतं. खरा बार्बारोसा कॉन्स्टँटिनोपलमध्ये गेलाच नाही. तो फिलिप्पोपोलिसला (आजचं प्लोवदिव्ह) थांबला, एड्रियानोपलला (आजचं एदिर्ने) हिवाळा काढला, फेब्रुवारी ११९० मध्ये बायझंटाइन सम्राट आयझॅक अँजेलोसशी तह केला आणि मार्चअखेर गॅलिपोलीहून आशियात उतरला. तिथून तो जिथं बुडाला त्या सालेफ नदीपर्यंतचे अडीच महिने म्हणजे या सैन्याची खरी कसोटी. ते मला खेळण्याजोगं करायचं आहे.

मूळ गेमवाल्यांनी कॉन्स्टँटिनोपलची गोष्ट हवेतून काढली नव्हती, हेही नोंदवून ठेवतो. नोव्हेंबर ११८९ मध्ये बार्बारोसानं मुलाला, हेन्रीला, पत्र पाठवून इटलीतल्या शहरांकडून जहाजं जमवायला सांगितलं होतं. राजधानीवर हल्ला करायची तयारी होती. तह झाला म्हणून तो टळला.

१९ जानेवारी

आज आकड्यांचं काम. त्या काळच्या बखरकारांनी सैन्य एक लाखाच्या घरात नेलंय. आजचे अभ्यासक बारा ते वीस हजार धरतात, त्यात साधारण तीन हजार सरदार-घोडेस्वार. मी पंधरा हजार धरले. गेममध्ये एक युनिट म्हणजे शंभर माणसं असा हिशेब ठेवला की दीडशे युनिटं होतात, पैकी तीस घोडेस्वार. लोकसंख्येच्या मर्यादेत आरामात बसतं आणि हलवायलाही जड जात नाही.

सुरुवातीच्या पडद्यावर कालक्रम देणार. ४ जुलै ११८७ ला हत्तीनला जेरुसलेमच्या ख्रिस्ती राज्याचं सैन्य इजिप्त-सीरियाचा सुलतान सलादिन याच्यापुढे संपलं. २ ऑक्टोबरला जेरुसलेमनं शरणागती पत्करली. २७ मार्च ११८८ ला माइन्झच्या दरबारात बार्बारोसानं क्रूस घेतला, म्हणजे क्रुसेडला जायची शपथ घेतली, आणि ११ मे ११८९ ला रेगेन्सबुर्गहून कूच केलं. तेव्हा तो पासष्टी ओलांडलेला होता. चाळीस वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या क्रुसेडलाही तो काकाबरोबर याच वाटेनं गेला होता आणि त्या सैन्याची अनातोलियात (आजच्या तुर्कस्तानात) झालेली दशा त्यानं डोळ्यांनी पाहिली होती. म्हणूनच या खेपेला त्यानं जे लोक दोन वर्षांचा खर्च स्वतः उचलू शकतील त्यांनाच यायला सांगितलं. हंगेरी, सर्बिया, बायझंटाइन दरबार आणि आयकोनियमचा सेल्जुक तुर्क सुलतान यांच्याशी आधीच बोलणी केली. इतकी आखणी करून निघालेलं दुसरं क्रुसेडी सैन्य मला तरी सापडत नाही.

२ फेब्रुवारी

या गेममध्ये सैनिक जेवत नाहीत. धान्य लागतं ते सैनिक तयार करताना. एकदा बाहेर पडला की तो जन्मभर उपाशी लढतो. नेहमीच्या डावात ते ठीक आहे. पण क्रुसेडचा डाव मांडताना त्यामुळे गोष्टच पालटते. दहा-पंधरा हजार माणसं आणि हजारो जनावरं परक्या मुलखातून नेणं म्हणजे रोज संध्याकाळी भाकरी, चारा आणि पाणी कुठून येणार याचं उत्तर शोधणं. लढाई कधीतरी होते, भूक रोज लागते. माझी सगळी मोहीम या एका गोष्टीवर उभी राहणार आहे.

ट्रिगर (अमुक झालं की तमुक घडव, असा एडिटरमधला नियम) असा बसवला. दर मिनिटाला धान्याच्या साठ्यातून कपात होते. किती, ते तुमच्याकडे किती युनिटं उरलीत त्यावर : शंभराच्या वर असतील तर जास्त, साठाच्या वर असतील तर मध्यम, त्याखाली कमी. साठा शून्यावर गेला की दुसरा ट्रिगर जागा होतो आणि सगळ्या युनिटांचं आरोग्य थोडं थोडं खाली येऊ लागतं. दोन्ही पुन्हा पुन्हा चालणारे ट्रिगर आहेत.

मग घोड्यांचा प्रश्न. अनातोलियात या लोकांनी घोडे मारून खाल्ले, असं सोबतच्या लेखकांनीच लिहून ठेवलंय. खेळणाऱ्यालाही हा निर्णय हातानं घ्यावा लागला पाहिजे. म्हणून छावणीत एक कुंपण घातलं. त्यात घोडेस्वार नेला की त्याच्या जागी तलवार घेतलेला पायदळी उभा राहतो आणि साठ्यात धान्य जमा होतं. कुंपणातली जागा मुद्दाम एका टाइलची ठेवली, म्हणजे एका वेळी एकच घोडा आत जाईल आणि हिशेब चुकणार नाही. दुपारभर हेच करून पाहत होतो. पहिला घोडेस्वार आत सोडताना मनाला लागतं. तिसऱ्या-चौथ्यापासून आपण नुसते आकडे बघायला लागतो. सैन्यातही तसंच झालं असेल असं वाटतं.

९ फेब्रुवारी

गटवारी ठरवली. खेळाडूकडे ट्यूटन, म्हणजे गेममधले जर्मन. समोर बायझंटाइन, तुर्क आणि सारासेन, म्हणजे सलादिनचे लोक. सर्बियाचा स्टेफान नेमान्या निश शहरात बार्बारोसाला भेटला होता, त्याच्यासाठी स्लाव. आर्मेनियन ही संस्कृती गेममध्ये २०२३ साली आली हे माझ्या पथ्यावर पडलं, कारण सिलिशियाचा आर्मेनियन राजपुत्र लेव्हॉन हा वाटेवरचा शेवटचा मित्र.

ट्यूटॉनिक नाइट हे युनिट मात्र पूर्ण बंद करून टाकलं. ट्यूटन घेऊन खेळणाऱ्यांचा जीव त्या संथ, चिलखती पायदळावर असतो, त्यामुळे तक्रारी येतील याची कल्पना आहे. पण ज्या जर्मन लढाऊ धर्मसंघटनेवरून ते नाव आलं ती ११८९ मध्ये जन्मालाही आलेली नव्हती. तिचं मूळ याच मोहिमेच्या शेवटी, पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरच्या अक्को बंदराच्या वेढ्यात आहे. आधीच मैदानात उतरवली तर तिसऱ्या भागातली सगळ्यात चांगली गोष्ट वाया जाईल.

२३ फेब्रुवारी

फिलिप्पोपोलिसचा नकाशा झाला. २०० बाय २०० टाइल. मारित्सा नदी, टेकड्यांवरचं शहर, दक्षिणेला डोंगर.

या भागाचा निवेदक मिळाला आणि काम एकदम मार्गी लागलं. ११८९ मध्ये या प्रांताचा कारभारी होता निकेटास कोनियाटेस, जो पुढे बायझंटाइनांचा मोठा इतिहासकार झाला. त्याची त्या वर्षीची फरफट त्यानं स्वतःच लिहून ठेवलीय. राजधानीतून हुकूम आला की शहराची तटबंदी मजबूत कर. त्यानं काम काढलं. मग उलटा हुकूम आला की शत्रूच्या हाती आयता तट लागू नये म्हणून तो पाडून टाक. इकडे बार्बारोसाचे दूत आयझॅकनं कैदेत टाकलेले, आणि तिकडे जर्मन सैन्य वेशीवर. ऑगस्टमध्ये ते आत शिरलं तेव्हा बहुतेक ग्रीक रहिवासी निघून गेले होते. आर्मेनियन तेवढे घरं धरून राहिले. त्यांना हे सैन्य पाहुण्यासारखं वाटलं, असं कोनियाटेस म्हणतो.

मूळ मोहिमेत गोष्ट सांगणारा असतो हेन्री द लायन, बार्बारोसाचा चुलतभाऊ आणि प्रतिस्पर्धी. ती कल्पना झकास होती. खरा हेन्री क्रुसेडला आला नाही. त्याच्यापुढे सोबत ये नाहीतर देश सोड असे पर्याय ठेवले होते, त्यानं इंग्लंड पत्करलं आणि सम्राटाची पाठ वळताच शपथ मोडून परतला. मला मात्र आक्रमकाच्या बाजूचा आवाज नको आहे. ज्याच्या गावावरून हे सैन्य गेलं त्यानं सांगावं. म्हणून पहिला भाग कोनियाटेस सांगेल, दुसरा आणि तिसरा बहाउद्दीन इब्न शद्दाद, सलादिनच्या पदरचा काझी आणि चरित्रकार. जर्मन येतायत ही बातमी आल्यावर मोसुल, सिंजार आणि बगदादपर्यंत मदतीसाठी सलादिननं यालाच धाडलं होतं. खेळाडू ट्यूटनांच्या बाजूनं लढेल आणि त्याची गोष्ट समोरचे सांगतील.

बाजारपेठेचा ट्रिगरही याच भागात. तुम्ही गावं लुटली नाहीत तर बायझंटाइन तटस्थ राहतात आणि सोनं देऊन धान्य घेता येतं. लूट केली की धान्य तात्काळ मिळतं, पण बाजार बंद होतो आणि टेकड्यांतून धनुर्धारी उतरायला लागतात. खरोखरही असंच झालं : आधी बाजारांचा करार, मग अविश्वास, मग लुटालूट, मग चकमकी. कोणी आधी मोडलं याचा निकाल मी देत नाही. ते खेळणाऱ्याच्या हातात आहे.

१६ मार्च

अनातोलिया. हा नकाशा सर्वात मोठा, २४० बाय २४०, आणि सगळ्यात रिकामा. लाओडिकियापर्यंत हिरवळ, पुढे पठार. झाडं काढून टाकली, शिकार काढून टाकली, पाण्याची तळी दूर दूर ठेवली. दिसायला उघडाबोडका नकाशा आहे आणि तो तसाच राहू देणार.

सुलतान किलिज अर्सलाननं वाट मोकळी देण्याचा शब्द दिला होता. पण राज्य त्यानं मुलांत वाटून टाकलं होतं, आणि खरी सत्ता त्यांतल्या कुतुबुद्दीन मलिकशाहच्या हाती गेली होती. शिवाय तुर्कमान टोळ्या कोणाचंच ऐकत नव्हत्या. हे गेममध्ये आणायला दोन वेगळे तुर्क खेळाडू केले. पहिला सुरुवातीपासून मित्र आणि शेवटपर्यंत निरुपयोगी. दुसरा हल्ले करतो, तेही तिरंदाज घोडेस्वारांनी : येतात, बाण सोडतात, निघून जातात. पाठलाग केला की आपलं सैन्य विखुरतं आणि धान्याची कपात चालूच असते.

७ मे ११९० ला फिलोमेलियनजवळ छावणीवर मोठा हल्ला झाला, तो परतवला. मग आयकोनियम, म्हणजे आजचं कोन्या. १७ मे ला सैन्य शहराबाहेर सुलतानाच्या बागेत पोचलं. पाणी आणि चारा मिळाला. दुसऱ्या दिवशी सैन्याचे दोन भाग झाले : सम्राटाचा मुलगा, स्वाबियाचा ड्यूक फ्रेडरिक, शहराच्या वेशीवर गेला आणि म्हातारा सम्राट पाठीमागून येणाऱ्या सैन्याला तोंड द्यायला उभा राहिला. शहर पडलं, मैदानही मारलं. धान्य मिळालं, घोडे विकत घेता आले.

बागेसाठी फार वेळ दिला. फळझाडं, पाट, मधोमध हौद. एवढा वैराण नकाशा चालून आल्यावर ती बाग दिसली की मला प्रत्येक खेपेला थांबावंसं वाटतं. तिथं धान्याची कपात दोन मिनिटं बंद ठेवलीय.

३० मार्च

पाडवा. जेवणं झाल्यावर धाकट्या बहिणीला दुसरा भाग खेळायला बसवलं. ती हा गेम माझ्यापेक्षा चांगला खेळते, आणि इतिहास तिला मुद्दाम सांगितला नव्हता.

आयकोनियम तिनं सहज घेतलं. कुंपणात एकही घोडा न सोडता पोचली, म्हणजे कपात अजून वाढवायला हवी. लारांदा ओलांडून टॉरस पर्वतात शिरली. आर्मेनियन मित्र होऊन भेटले, अन्न मिळालं. मग सालेफ नदी. तिथं मी उथळ पाण्याचा उतार ठेवलाय आणि बार्बारोसा त्यावर आला की मरतो असा ट्रिगर आहे. तिनं सम्राटाला मागेच थांबवलं आणि सगळं सैन्य पलीकडे नेलं.

म्हणाली, “दादा, म्हाताऱ्याला कशाला पाण्यात घालू? राहू दे की इकडंच.”

“त्याला जावं लागतं गं, त्याशिवाय पुढचं काही सुरूच होत नाही.”

“मग तू ने. मी नाही नेणार.”

तिचं उत्तर मला पटलं. दोन महिने जपून आणलेला माणूस खेळाडूनं स्वतःच्या हातानं मारायला न्यावा, ही मागणी चूक आहे. आता सैन्याची पहिली तुकडी पलीकडच्या काठावर पोचली की सम्राट खेळाडूच्या ताब्यातून सुटतो आणि आपला आपण नदीकडे निघतो. थांबवता येत नाही. १० जून ११९० ला त्या हजारो माणसांपैकी कोणालाही ते थांबवता आलं नव्हतं.

तो कसा बुडाला यावर लिहिणाऱ्यांचं एकमत नाही. कोणी म्हणतं घोड्यावरून पार होताना, कोणी म्हणतं उन्हानं हैराण होऊन अंघोळीला उतरला. अरब इतिहासकार इब्न अल-अथीर तर म्हणतो की पाणी माणसाच्या कमरेइतकंही नव्हतं. मी यातलं एकही ठाम सांगत नाही. युनिट उथळ पाण्यात शिरतं आणि नाहीसं होतं. त्यावर इब्न शद्दादचा मजकूर येतो, तीन ओळींत.

१३ एप्रिल

नदीनंतरचं सैन्य. दीडशेपैकी जितकी उरली असतील त्यातली साधारण अर्धी युनिटं ताबा सोडून नकाशाच्या कडेकडे चालू लागतात. खरोखरच अनेकांनी जवळची बंदरं गाठली आणि घरची वाट धरली. उरलेल्यांना ड्यूक फ्रेडरिक अँटिओकला घेऊन गेला, आणि तिथं पोटभर खायला मिळाल्यावर रोगानं गाठलं.

पिंप ठेवायचं का, यावर विचार चालू होता. ठेवतोय. देह व्हिनेगरमध्ये टिकवून जेरुसलेमला न्यायचा प्रयत्न झाला अशी परंपरा आहे. तो साधला नाही. आतडी टार्ससला पुरली, मांस अँटिओकला सेंट पीटरच्या चर्चमध्ये, आणि अस्थी पुढे टायरला गेल्या असं मानतात. म्हणून माझ्या सिनॅरिओत पिंप जेरुसलेमला पोचत नाही. टार्सस आणि अँटिओक या दोन जागी थांबतं, आणि अँटिओकला नकाशावरून काढून टाकलं जातं. मूळ गेमनं त्याला जेरुसलेमपर्यंत नेलं कारण खेळाडूला शेवटी जिंकायला काहीतरी हवं असतं. त्या गरजेचं उत्तर मला अक्कोत द्यायचं आहे.

४ मे

अक्को. वेढ्यातला वेढा : क्रुसेडर शहराभोवती, सलादिन क्रुसेडरांभोवती. वेढा २८ ऑगस्ट ११८९ ला सुरू झाला तो १२ जुलै ११९१ पर्यंत चालला. ड्यूक फ्रेडरिक उरलीसुरली माणसं घेऊन ऑक्टोबर ११९० मध्ये पोचला. बखरींत लाखाचं म्हणून गाजलेलं सैन्य छावणीत आलं तेव्हा कोणाच्या लक्षातही येऊ नये इतकं उरलं होतं. या भागात खेळाडूला वीस युनिटांनी सुरुवात करावी लागते.

भुकेचा ट्रिगर इथं तिन्ही बाजूंना लावलाय : छावणी, शहर आणि सलादिनचा तळ. त्या हिवाळ्यात जहाजं येणं बंद झालं आणि छावणीत धान्याचे भाव आभाळाला भिडले. शहरातही तीच गत.

इब्न शद्दादनं सांगितलेला एक प्रसंग घेतल्याशिवाय राहवलं नाही. ११९० च्या उन्हाळ्यात शहराला रसद पोचवायला बैरूतहून एक मोठं जहाज निघालं. धान्य, चीज, कांदे, मेंढ्या. खलाशी मुसलमान, पण त्यांनी दाढ्या उतरवल्या, फ्रँकांचे (युरोपीय क्रुसेडरांचे) कपडे घातले, जहाजावर क्रूस लावले आणि कोणी शंका घेऊ नये म्हणून डेकवर डुकरं बांधली. क्रुसेडरांच्या गलबतांनी वाटेत हटकलं, यांनी थाप मारली आणि थेट बंदरात घुसले. गेममध्ये डुकरं आहेत, पण जहाजावर उघडी दिसत नाहीत. म्हणून जहाज खेळाडूच्याच रंगात येतं, बंदराच्या साखळीजवळ पोचलं की सारासेनांच्या रंगात पालटतं, आणि धक्क्यावर सहा डुकरं उतरतात. काळ बदलून हा प्रसंग मी हिवाळ्यात आणलाय, आणि तसं सुरुवातीच्या मजकुरात स्पष्ट सांगितलंय.

१८ मे

शेवट जुळला. शहर जिंकणं हे या भागाचं उद्दिष्ट नाही. ड्यूक फ्रेडरिक २० जानेवारी ११९१ ला छावणीतच रोगानं गेला, अक्को पडलं त्याच्या सहा महिने आधी. जर्मन मोहिमेची गोष्ट तिथं थांबते, मी पण तिथंच थांबतो. पुढे ऑगस्टमध्ये इंग्लंडचा राजा रिचर्ड यानं सुमारे २,७०० कैद्यांची कत्तल केली. ती दाखवायची तर पूर्ण दाखवावी लागेल आणि त्यासाठी वेगळी मोहीम हवी.

मग जिंकायचं काय? ११९० मध्ये लुबेक आणि ब्रेमेनच्या व्यापाऱ्यांनी आपल्या जहाजाचं शीड काढून किनाऱ्यावर ताणलं आणि त्याच्याखाली आजारी जर्मनांसाठी दवाखाना सुरू केला. ११९८ मध्ये त्याच दवाखान्याची लढाऊ संघटना झाली, ट्यूटॉनिक नाइट्स. खेळाडूनं जहाज किनाऱ्याला लावलं की ते नाहीसं होऊन तिथं तंबू उभे राहतात. साथीनं आरोग्य उतरत असलेली युनिटं तंबूंपाशी आणायची आणि साधूंकडून बरी करायची. ट्यूटनांचे साधू इतरांपेक्षा दुप्पट अंतरावरून बरं करतात, ही गेममधली जुनी सवलत इथं अगदी चपखल बसली. २० जानेवारीला घड्याळ संपतं तेव्हा दहा युनिटं जिवंत असली तर विजय.

राहिलेलं काम : पहिल्या भागात बाजाराचे भाव थोडे उतरवायचे. दुसऱ्यात कपात वाढवायची, निदान चार-पाच घोडे कुंपणात गेलेच पाहिजेत. तिसऱ्यात बहिणीच्या मते साथ फार वेगानं पसरते, साधू पुरे पडत नाहीत. एक साधू वाढवून बघतो, नाही जमलं तर साथीचा वेग कमी करेन. इब्न शद्दादच्या मजकुराचं शुद्धलेखन पुन्हा तपासायचं, आणि मग मोहीम सगळ्यांसाठी चढवायची.